विद्यार्थ्यांच्या ठिय्यावर हल्ला होतो, तेव्हा कागदावर ‘दोन गट’ कुठून येतात?

मुळाकाठची (धागाकर्ती)

१ मे २०२४ रोजी महाराष्ट्र दिनाची सुट्टी असल्यामुळे आम्ही सगळे घरीच होतो. सकाळी साडेअकराच्या सुमारास माझ्या भाचीचा लॉस एंजेलिसहून फोन आला. तिच्याकडे तेव्हा ३० एप्रिलची रात्र होती, अकरा वाजत आले होते. ती त्या शहरात दुसऱ्या एका संस्थेत शिकते. पण तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तिथल्या आवारात, रॉइस हॉलसमोरच्या हिरवळीवर, तंबू ठोकून बसलेल्या विद्यार्थ्यांमध्ये होती. गाझातल्या युद्धाविरुद्ध आणि विद्यापीठाने आपली गुंतवणूक त्या युद्धाशी संबंधित कंपन्यांमधून काढून घ्यावी या मागणीसाठी तो ठिय्या २५ एप्रिलपासून चालू होता. “मावशी, मी पाठवलंय ते उघड आणि बघत राहा, मला एकटीला बघवत नाही,” एवढेच ती म्हणाली.

मी पोळ्यांची कणीक तिंबून ओल्या फडक्याखाली ठेवली होती. ती तशीच राहिली. पडद्यावर मुखवटे घातलेली माणसे ठिय्याभोवतीचे लोखंडी अडथळे ओढून काढत होती, तेच अडथळे उचलून आतल्या मुलांवर फेकत होती, काठ्यांनी मारत होती, डोळ्यांत जाईल असा रासायनिक फवारा उडवत होती. मध्येच पेटता फटाका तंबूंच्या मधोमध येऊन फुटला. आतली मुले लाकडी फळ्या आडव्या धरून एकमेकांना सावरत उभी होती. विद्यापीठाने नेमलेले खासगी सुरक्षारक्षक होते, पण त्यांनी हल्ला थोपवला नाही. पोलीस आवारात आल्यानंतरही बराच वेळ काही अंतरावर उभे राहिले. मी दर थोड्या वेळाने घड्याळ बघत होते, कारण भाची सारखी विचारत होती की आता तरी कोणी मध्ये पडले का. अखेर पोलिसांनी रांग धरून दोन्हीकडची माणसे वेगळी केली, तेव्हा तिथे पहाटेचे तीन वाजले होते. आमच्याकडे साडेतीन वाजले होते आणि स्वयंपाकघरात कोणीतरी चहा ठेवला होता. फडके काढले, तर कणकेवर कोरडी साल धरली होती.

त्या रात्री हल्लेखोरांपैकी एकालाही अटक झाली नाही. १५ जण जखमी झाल्याचे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अध्यक्षांनी सांगितले. ‘डेली ब्रुइन’ या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचे वार्ताहर वार्तांकन करून परतत असताना त्यांनाही गाठून मारण्यात आले. आणि मग २ मेच्या पहाटे, म्हणजे हल्ला थांबल्यानंतर जेमतेम चोवीस तासांनी, मोठा पोलीस फौजफाटा आला, त्याने ठिणग्या उडवणारे आवाजी गोळे आणि रबरी गोळ्यांसारखी साधने वापरून तो ठिय्या उठवला आणि २०० हून अधिक लोकांना अटक केली. हे सगळे तंबूतले लोक होते. ठिय्या का उठवला, याची जी कारणे कुलपती जीन ब्लॉक यांनी दिली, त्यांत ते ठिकाण गंभीर हिंसाचाराचे केंद्र बनले आहे हेही एक कारण होते. हे वाक्य मी त्या दिवशी पुन्हा पुन्हा वाचले. हिंसा झाली होती, हे खरे. पण ती ज्यांच्यावर झाली, त्यांनाच त्या हिंसेच्या नावाने उठवले गेले.

निष्पक्षपणे हेही नोंदवले पाहिजे की, चिथावणीखोरांच्या एका टोळीने येऊन ठिय्यावर हल्ला केला, असे स्वतः कुलपतींनी आदल्या दिवशी म्हटले होते. राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांच्या कार्यालयानेही पोलिसांचा प्रतिसाद अपुरा, उशिराचा आणि अस्वीकारार्ह असल्याचे सांगितले होते. म्हणजे काय घडले, हे अधिकाऱ्यांना ठाऊक होते. तरीही अनेक बातम्यांच्या मथळ्यांत ‘दोन गटांत संघर्ष’ हाच शब्दप्रयोग आला. हल्लेखोरांची ओळख पटवण्याचे काम मुख्यतः पत्रकारांनी आणि स्वयंसेवकांनी चित्रफिती एकेक क्षण थांबवून केले. त्यातून असे दिसले की त्यांतले बरेच जण विद्यापीठाचे विद्यार्थीच नव्हते आणि काही जण याआधी अतिउजव्या निदर्शनांत वावरलेले होते. पहिली अटक तीन आठवड्यांनी झाली. विद्यापीठाच्या पोलीसप्रमुखांची बदली झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांचा अहवाल आला आणि त्याने स्पष्ट म्हटले की विद्यापीठाकडे अशा प्रसंगासाठी तपशीलवार आराखडा नव्हता, आणि निर्णय कोणी घ्यायचा याबाबतच गोंधळ होता.

हा धागा मी पुण्यात बसून काढते आहे, याचे कारण असे की ‘दोन गट’ हा शब्द मी लॉस एंजेलिसच्या बातमीत पहिल्यांदा वाचला असे नाही. तो मी आपल्याकडच्या बातम्यांत लहानपणापासून वाचत आले आहे. बसलेल्या माणसांवर चालून आलेल्या टोळक्याला आणि त्या बसलेल्या माणसांना एकाच वाक्यात ‘गट’ कोण बनवतो, कोणत्या टप्प्यावर बनवतो आणि ते टाळता येते का, याविषयी ज्यांना आतली माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. गाझाच्या प्रश्नावर कोणाचे काय मत आहे, यासाठी वेगळे धागे आहेत.


शनिवारातला

धागा प्रामाणिक आहे, म्हणून माझी शंकाही प्रामाणिकपणे मांडतो. त्या ठिय्यामुळे काही ज्यू विद्यार्थ्यांना आवाराच्या काही भागांत जाता येत नव्हते, अशी तक्रार होती आणि ती न्यायालयापर्यंत गेली होती. रस्ता अडवणारा ठिय्या हा स्वतःच एक प्रकारची जबरदस्ती नव्हे का? हल्ल्याचे समर्थन मी अजिबात करत नाही. परंतु प्रशासनासमोर दोन्हीकडचे प्रश्न होते, हे मान्य केल्याशिवाय चर्चा पुढे जाणार नाही, असे वाटते.


मुळाकाठची

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर त्याच प्रकरणात आहे. तीन ज्यू विद्यार्थ्यांनी विद्यापीठाविरुद्ध दावा दाखल केला. ऑगस्ट २०२४ मध्ये संघीय न्यायाधीश मार्क स्कार्सी यांनी विद्यापीठाला मनाईहुकूम दिला, की ज्या सुविधा काही विद्यार्थ्यांना त्यांच्या श्रद्धेमुळे वापरता येत नाहीत, त्या इतरांसाठीही चालू ठेवता येणार नाहीत. जुलै २०२५ मध्ये विद्यापीठाने ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन तो दावा मिटवला. म्हणजे ज्यांची वाट अडली, त्यांना दाद मागण्याची जागा होती, त्यांनी ती मागितली आणि त्यांना ती मिळाली. तो मार्ग ३० एप्रिलच्या रात्रीही उघडाच होता.

शिवाय, त्या वसंतात अमेरिकेतल्या ठिय्यांमध्ये ज्यू विद्यार्थीही मोठ्या संख्येने होते. कोलंबिया विद्यापीठाच्या हिरवळीवर तर त्यांनी तंबूंमध्येच पासओव्हर या ज्यू सणाचे सहभोजन केले होते. त्यामुळे काठ्या घेऊन आलेल्यांना ‘ज्यू विद्यार्थ्यांची बाजू’ म्हणणे हे त्या विद्यार्थ्यांवरही अन्याय करणारे आहे. ठिय्या बेकायदा ठरवण्याचा अधिकार विद्यापीठाला होता आणि त्याने तो त्याच संध्याकाळी वापरलाही होता. मला खुपते ते पुढचे: एखादी जागा बेकायदा जाहीर झाली की तिथे बसलेल्यांच्या अंगाचे रक्षण करणे हे कोणाचेच काम उरत नाही, असे त्या रात्री साऱ्यांनी गृहीत धरले.


निवृत्त_अंमलदार

मी पोलीस खात्यात ३१ वर्षे काढली, त्यांतली बरीच पुणे शहरात. ठाण्याचे नाव लिहिणार नाही. धागाकर्त्या ताईंनी विचारलेल्या ‘कोणत्या टप्प्यावर’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम उशिराविषयी. दोन-अडीचशेचा जमाव भिडलेला असताना सातआठ शिपाई घेऊन मध्ये घुसणारा अधिकारी शूर ठरत नाही. त्याची माणसे मार खातात आणि मग घाबरून बळाचा अतिरेक होतो. म्हणून कुमक येईपर्यंत थांबणे हे काही वेळा बरोबरही असते. परंतु थांबणाऱ्याने त्या वेळात काय केले, ते महत्त्वाचे. वायरलेसवर कुमक कधी मागितली, राखीव तुकडी कधी निघाली, चालून आलेल्यांना किमान ध्वनिक्षेपकावरून इशारा दिला का, बाहेर पडण्याच्या वाटेवर नाकेबंदी केली का, चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक टिपले का, हे सगळे स्टेशन डायरीत वेळेसकट यावे लागते. तीन-चार तास हल्ला चालतो आणि शेवटी हल्लेखोर चालत आपापल्या घरी जातात, हे कुमक कमी असल्याने होत नाही. अटक करण्याचा आदेश कोणी दिलेला नसतो, म्हणून होते.

आता ‘दोन गटां’विषयी. मी स्वतः पाहिलेली गोष्ट सांगतो. मार खाल्लेली मुले रात्री ठाण्यात येतात. कोणाच्या भुवईवर रुमाल दाबलेला असतो, कोणाचा चष्मा हातात असतो. त्यांची तक्रार लिहून घेण्याआधी त्यांना बाकावर बसवले जाते. तासाभरात दुसऱ्या बाजूचे चारपाच जण येतात, त्यांच्याबरोबर कोणीतरी वजनदार माणूस असतो आणि तो म्हणतो की आमच्याही पोरांना मारले आहे, भावना दुखावल्या आहेत, आमचीही घ्या. मग वरिष्ठांचा फोन येतो आणि सांगितले जाते की दोन्हीकडून घ्या, म्हणजे कोणी बोलायला नको. क्रॉस, म्हणजे परस्परविरोधी फिर्याद, झाली की प्रकरण थंड होते, कारण दोन्हीकडच्यांना अटकेची भीती असते आणि महिन्याभरात समेटाची भाषा सुरू होते. त्यानंतर पत्रकाराला जे दिले जाते, त्यात आपोआप ‘दोन गटांत हाणामारी, परस्परविरोधी गुन्हे दाखल’ असे येते. पत्रकाराला मी दोष देत नाही, त्याला कागदच तसा मिळतो.

मी स्वतः असे कागद लिहिले आहेत. एका रात्री भुवईला टाके पडलेल्या मुलीने माझ्या टेबलासमोर उभे राहून विचारले, “काका, मी कुठल्या गटात?” ती मोर्चातही नव्हती, मैत्रिणीला डबा द्यायला आली होती. मी तिचे नाव साक्षीदारांत घालतो म्हणालो आणि वरिष्ठांनी ते आरोपींत घातले. मी त्या वेळी काही बोललो नाही. हे आज लिहून ठेवावेसे वाटले.


प्रभातची_गल्ली

काका, तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार.

मी विधि महाविद्यालय रस्त्याच्या परिसरातच वाढलो, त्यामुळे फिल्म संस्थेच्या (एफटीआयआय) फाटकाशी माझी लहानपणापासूनची ओळख आहे. २०१५ मध्ये अध्यक्षपदाच्या नेमणुकीवरून तिथल्या विद्यार्थ्यांनी १२ जूनला संप पुकारला आणि तो १३९ दिवस चालला. त्या पावसाळ्यात फाटकाशी बसलेल्या मुलांसाठी आमच्या घरातून कितीदा तरी चहाचा थर्मास गेला. ऑगस्टमध्ये संचालकांना घेराव घातल्याच्या तक्रारीवरून मध्यरात्री पोलीस आत गेले आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. मध्यरात्री जाण्याइतकी तत्परता तेव्हा दाखवता आली होती, ही गोष्ट पुढच्या प्रसंगाशी ताडून पाहावी.

२३ जानेवारी २०२४, म्हणजे अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेचा दुसरा दिवस. विद्यार्थ्यांनी आवारात बाबरीची आठवण ठेवा आणि तो राज्यघटनेचा मृत्यू होता, अशा आशयाचा फलक लावला होता. भर दुपारी बाहेरचे एक टोळके घोषणा देत संस्थेत शिरले, फलक फाडून जाळला आणि विद्यार्थी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांसह मुलांना मारहाण केली. डेक्कन पोलीस ठाण्यात हल्लेखोरांवर गुन्हा दाखल झाला, हे खरे. पण त्या फलकाबद्दल विद्यार्थ्यांवरही गुन्हा दाखल झाला. फलक कोणाला आवडेल, कोणाला आवडणार नाही. माझ्या वडिलांना तो मुळीच आवडला नव्हता आणि त्यांनी तसे ठणकावून सांगितले. तरीही ते म्हणाले की फलक आणि मारहाण यांना एकाच तागडीत घालणे त्यांना पटत नाही.

त्यानंतर दहाच दिवस झाले होते. २ फेब्रुवारीला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमतींवरचे विद्यार्थ्यांचे नाटक अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी बंद पाडले. दुसऱ्या दिवशी अटक झाली ती केंद्राच्या प्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. त्याच दिवशी केंद्राच्या इमारतीत घुसून तोडफोडही झाली. इथे मात्र एक गोष्ट वेगळी घडली, ती आवर्जून सांगतो: त्या तोडफोडीच्या वेळी कर्तव्यात कसूर केल्याबद्दल एका उपनिरीक्षकाला निलंबित करण्यात आले. म्हणजे ‘उभे राहून पाहणे’ हाही दोष आहे, हे आपल्या शहरात एकदा तरी कागदावर आलेले आहे. दुःख एवढेच की तो दोष सर्वांत खालच्या अधिकाऱ्यापाशी येऊन थांबला.


एक_आई

माझा मुलगा यंदा बाहेरगावी शिकायला गेला आहे. धागा वाचताना पोटात गोळा आला. त्याला ‘कशातही पडू नकोस’ असे सांगावे की नाही, हेच मला कळेनासे झाले आहे. निवृत्त काकांच्या प्रतिसादातली ती डबा द्यायला आलेली मुलगी डोळ्यांसमोरून हलत नाही.


दस्तऐवज

मी शहरात वकिली करते. ‘दोन गट’ हा निव्वळ पत्रकारी शब्द नाही, त्याच्या मागे कलमे आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक जागी दोन किंवा अधिक माणसांनी आपसांत मारामारी करून शांतता भंग करणे हा कलम १९४ चा गुन्हा आहे. पाच किंवा अधिक माणसांनी समान उद्देशाने बेकायदेशीर जमाव करणे आणि त्या जमावाने बळाचा वापर करणे, म्हणजे दंगा, यासाठी कलम १८९ ते १९१ आहेत. जुन्या दंड संहितेत हेच अनुक्रमे १५९-१६० आणि १४१ ते १४९ होते. या दोहोंतला फरक आपल्या चर्चेचा गाभा आहे. पहिल्या गुन्ह्यात दोन्हीकडची माणसे लढत असावी लागतात. एक बाजू नुसती मार खात असेल किंवा हात आडवे धरून डोके वाचवत असेल, तर ती मारामारी होत नाही, तो हल्ला होतो. स्वतःचा बचाव करणाऱ्याला संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा अधिकार दिलेला आहे. तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये फळी आडवी धरून उभ्या राहिलेल्या मुलांसारखी मुले आपल्याकडे असती, तर त्यांना ‘गट’ म्हणण्यास कायद्याचा आधार नव्हता.

दुसरे असे की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितले आहे. ‘दुसरी बाजू येऊ द्या, मग बघू’ असे म्हणण्याची सोय त्यात नाही. परस्परविरोधी फिर्याद नोंदवता येते, परंतु ती पहिल्या फिर्यादीचा तपास थोपवण्याचे कारण होऊ शकत नाही.

ज्यांची मुले अशा ठिकाणी जातात, त्यांच्यासाठी दोन व्यवहारी गोष्टी. मार लागला असेल तर आधी रुग्णालयात जाऊन एमएलसी, म्हणजे जखमांची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करून घ्यावी, खरचटले असले तरी, आणि डॉक्टरांना हत्यार कोणते होते ते स्पष्ट सांगावे, कारण पुढे सारे प्रकरण त्या चार ओळींवर उभे राहते. आणि त्याच दिवशी संस्थेला व आसपासच्या दुकानांना लेखी अर्ज देऊन सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवायला सांगावे, त्याची पोच घ्यावी. ते चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते आणि नंतर कोणीही काहीही म्हणू शकते. माझ्या एका अशिलाच्या बाबतीत अर्ज देण्यास आठवडा उशीर झाला आणि शेवटी हाती फक्त एका चहावाल्याच्या मोबाइलमधले चाळीस सेकंदांचे चित्रण उरले.


जुनी_कात्रणे

इतिहासाच्या अंगाने एक जोड देतो, कारण हे नवे नाही आणि केवळ आपल्याकडचेही नाही.

४ मे १९७० रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्ड या राखीव लष्करी दलाने १३ सेकंदांत ६० हून अधिक गोळ्या झाडल्या आणि चार विद्यार्थी मारले गेले. त्याचा निषेध करण्यासाठी ८ मे रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटजवळ विद्यार्थी जमले असताना शेकडो बांधकाम कामगारांनी शिरस्त्राणे आणि अवजारे घेऊन त्यांना झोडपले. सुमारे ७० जण जखमी झाले आणि पोलिसांनी फारसे काही केले नाही, अशी टीका खुद्द शहराच्या महापौरांनी केली. त्याच महिन्यात कामगार संघटनांचे नेते पीटर ब्रेनन यांना राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी व्हाइट हाउसमध्ये बोलावले, त्यांच्याकडून शिरस्त्राण भेट म्हणून स्वीकारले आणि १९७३ मध्ये ब्रेनन देशाचे कामगारमंत्री झाले. अधिकृत प्रतिसाद म्हणजे केवळ पोलीस किती वाजता आले, एवढेच नसते. नंतर कोणाला चहाला बोलावले जाते, हेही त्यात येते.

याहून भयंकर उदाहरण थायलंडचे आहे. पदच्युत हुकूमशहा थनोम भिक्षूच्या वेषात मायदेशी परतला, तेव्हा १९७६ च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या विरोधात भित्तिपत्रके लावणाऱ्या दोन वीज कर्मचाऱ्यांना मारून फासावर लटकवले गेले. बँकॉकच्या थम्मासात विद्यापीठात विद्यार्थ्यांनी त्या फाशीचे नाट्य सादर केले. एका उजव्या वृत्तपत्राने त्याचे छायाचित्र छापून असा समज पसरवला की फासावरचा मुलगा युवराजासारखा दिसतो, हा राजघराण्याचा अपमान आहे. ६ ऑक्टोबरच्या पहाटे सीमा पोलीस आणि अतिउजव्या टोळ्या मिळूनच आवारावर तुटून पडल्या. सरकारी आकड्यानुसारही ४६ माणसे मेली. त्यांना लटकवले गेले, जाळले गेले. अटक मात्र तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना झाली, त्याच संध्याकाळी लष्कराने सत्ता घेतली आणि १९७८ मध्ये जी माफी जाहीर झाली, तिने तुरुंगातले विद्यार्थी सुटले आणि त्यांना मारणारेही कायमचे सुटले. एका झाडाला लटकवलेल्या देहावर घडीची खुर्ची उगारणारा माणूस आणि भोवती उभी असलेली, हसणारी मुले, हे नील उलेविच यांनी टिपलेले छायाचित्र मी एकदा पाहिले आणि पुन्हा पाहण्याचे धाडस झाले नाही.

आणि दिल्लीतले जवाहरलाल नेहरू विद्यापीठ कोणी विसरू नये. ५ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी मुखवटेधारी टोळके लाठ्या आणि सळया घेऊन साबरमती वसतिगृहात फिरत होते आणि पोलीस फाटकाशी होते. डोके फुटलेल्या विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षा आयेशी घोष यांच्यावरच सर्व्हर कक्षाच्या तोडफोडीचा गुन्हा नोंदवला गेला. मुखवटेधाऱ्यांपैकी एकालाही पुढची काही वर्षे अटक झाली नाही.


शनिवारातला

माझ्या पहिल्या प्रतिसादात मी ‘दोन्हीकडचे प्रश्न’ असा शब्द वापरला होता. वकील ताईंचा प्रतिसाद वाचल्यावर तो शब्द मी मागे घेतो. तक्रार दोन्हीकडची असू शकते, मारणारी बाजू मात्र एकच होती.

एक भर घालतो. ऑगस्ट २०२४ मध्ये नवी पेठेत शास्त्री रस्त्यावर स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी रात्रभर ठिय्या दिला होता. परीक्षा पुढे ढकलावी, ही त्यांची मुख्य मागणी होती. मी तिथून कामावर जातो. रस्ता अडला होता, लोक वैतागले होते, पण बंदोबस्त होता आणि विद्यार्थ्यांच्या अंगावर कोणी चालून आले नाही. लोकसेवा आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. म्हणजे रस्त्यावर बसलेल्या हजारो मुलांना सांभाळणे आपल्या पोलिसांना जमते. मग विषय बदलला की ते का जमत नाही?


निवृत्त_अंमलदार

शनिवारातले साहेब, जमते, कारण त्या ठिय्यावर चालून जाण्यात कोणाचा राजकीय फायदा नव्हता आणि सगळ्याच पक्षांचे नेते भेट द्यायला येत होते. बंदोबस्ताला उभ्या असलेल्या शिपायाला हे लगेच कळते. वरून शब्द आला नाही तरी वारा कुठून वाहतो, ते त्याला समजते आणि तो त्याप्रमाणे आपली काठी कुठे वळवायची ते ठरवतो. म्हणून लेखी आदेश हवेत, असे मी नोकरीत असतानाही म्हणत होतो: ठिय्या आहे तिथे बाहेरून जमाव आला, तर कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने किती मिनिटांत काय करायचे, हे आधीच लिहिलेले हवे. लॉस एंजेलिसच्या अहवालात आराखडा नसल्याचे वाचले आणि वाटले, तिकडेही हेच.


मुळाकाठची

सर्वांचे आभार. ‘एक आई’ यांना उत्तर द्यायचे राहिले होते.

त्या पहाटे भाचीची मैत्रीण खोलीवर आली, तेव्हा तिला डोळे उघडता येत नव्हते. भाचीने तिला न्हाणीघरात बसवून पाण्याने डोळे धुतले. फोन मोरीच्या काठावर उभा करून ठेवला होता, त्यामुळे आम्हाला फक्त छत दिसत होते आणि पाण्याचा आवाज ऐकू येत होता. मध्येच ती मुलगी म्हणाली की मारणारे दिसत होते त्यापेक्षा पलीकडचे पोलीस दिसत होते, त्याची भीती जास्त वाटली. ती तक्रार द्यायला गेली नाही. तिचा विद्यार्थी व्हिसा होता आणि अटक झालेल्यांच्या यादीत आपले नाव चुकून यायला नको, एवढाच विचार तिने केला. तिच्या आईवडिलांनीही तेच सांगितले. मी त्यांच्या जागी असते तर काय सांगितले असते, याचा मी खूप विचार केला आहे.

भाचीला मी ‘पडू नकोस’ असे सांगितले नाही. तिला एवढेच म्हणाले की जाशील तिथे पोचल्यावर कळव, आणि काही घडले तर घड्याळ बघून लिहून ठेव. त्या दिवशी मी आमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत १ मेच्या चौकटीत पेन्सिलीने दोन वेळा लिहिल्या होत्या, ११.२० आणि ३.३०. ते पान मी फाडून ठेवले आहे. निवृत्त काकांनी सांगितलेल्या डायरीच्या नोंदींसारखेच ते आहे, फक्त त्यावर कोणाची सही नाही. वकील ताई, अर्जाचा जो नमुना आपण अशिलांना देता, तो इथे टाकता येईल का? नावे आणि ठाणे रिकामे ठेवून चालेल.


दस्तऐवज

उद्या संध्याकाळपर्यंत टाकते. चित्रण जपण्याचा अर्ज आणि फिर्याद घेतली नाही तर पोलीस उपायुक्तांकडे टपालाने पाठवायचा अर्ज, असे दोन्ही देईन. दुसऱ्या अर्जात वेळेचा रकाना सर्वांत वर ठेवला आहे.